माहितीच्या वखारी, वीज आणि पाणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभानिमित्त हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर शिक्षणाविषयी बोलावे असा प्रघात आहे. आज मी वीज आणि पाणी यांविषयी बोलणार आहे. तरीही विषय शिक्षणाचाच आहे, हे भाषण संपेपर्यंत आपल्या ध्यानात येईल अशी आशा बाळगतो.

आपण शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, दहावीचा निकाल पाहतो, सातबाराचा उतारा काढतो, दुकानात हळदीच्या बेण्याचे पैसे मोबाईलवरून देतो. हे सारे काम हातातल्या यंत्रात होते असे आपल्याला वाटते. वस्तुतः हातातले यंत्र निरोप्याचे काम करते. निरोप जातो दूर कुठेतरी, तिथे एका मोठ्या इमारतीत हजारो संगणक ओळीने मांडलेले असतात, ते हिशेब करतात आणि उत्तर परत पाठवतात. या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ती माहितीची वखार आहे. वसमतच्या वखारीत हळदीची पोती थप्पीने लावलेली असतात, तशी इथे माहिती कपाटांत रचून ठेवलेली असते. एकच मोठा फरक आहे. हळदीचे पोते थप्पीला लावले की त्याला खायला काही लागत नाही. माहितीच्या पोत्याला मात्र रात्रंदिवस वीज लागते आणि ते रात्रंदिवस गरम होत राहते.

आज जो प्रश्न आपणापुढे ठेवायचा आहे तो एवढाच : ही वीज येते कुठून, ही उष्णता जाते कुठे, आणि दोन्हीची बचत कशी करता येईल?

या वखारी कुठे आहेत?

महाराष्ट्राला संगणक नवा नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. २०१६ साली मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धत आली आणि चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली. या प्रत्येक पावलाबरोबर वखारीची गरज वाढत गेली.

देशातील या वखारींची क्षमता आता एक हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे आणि तिचा निम्म्याच्या आसपास हिस्सा एकट्या मुंबई व नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल ही त्यांची गावे. याची कारणे सरळ आहेत. परदेशातून समुद्राच्या तळाने येणाऱ्या तारांपैकी बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. बँका आणि शेअरबाजार तिथे आहेत. आणि वीजपुरवठा इतर ठिकाणांपेक्षा भरवशाचा आहे. पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या एकाच इमारतीत ७२०० कपाटांची आणि ५० मेगावॅट विजेची सोय केलेली आहे.

पन्नास मेगावॅट म्हणजे किती? आपल्या पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याला जे वीजघर आहे त्याचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर २२.५ मेगावॅट वीज निर्माण होते. म्हणजे दोन येलदरी मिळूनही त्या एका इमारतीची पूर्ण भूक भागणार नाही. दुसऱ्या मापाने पाहू. एक मेगावॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज खाते. महिन्याला शंभर युनिट जाळणारे घर धरले, तर ही वीज ७३०० घरांना वर्षभर पुरते. मुलांनी हा गुणाकार घरी जाऊन स्वतः करून पाहावा.

जगाचा हिशेब आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने मांडला आहे. २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या ती सुमारे दीड टक्का होते, आणि २०३० पर्यंत ती ९४५ अब्ज युनिटांच्या घरात जाईल असा त्या संस्थेचा अंदाज आहे. या वाढीचे मोठे कारण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. पूर्वी एका कपाटाला पाच-दहा किलोवॅट वीज पुरत असे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनवलेल्या नव्या कपाटांतील काही एकटीच शंभर किलोवॅटच्या पुढे जातात. जिथे एका कपाटात एवढी वीज जाते, तिथे तेवढीच उष्णता बाहेर पडते. कारण संगणक काही धान्य दळत नाही की पाणी उपसत नाही. त्याने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णतेत बदलते.

वीज नेमकी कुठे खर्च होते?

या उष्णतेला बाहेर काढले नाही तर संगणक काही मिनिटांत बंद पडतील. म्हणून तिथे शीतयंत्रे चालतात, पंखे चालतात, पाण्याचे पंप चालतात. वीज गेली तर क्षणभरही खंड पडू नये म्हणून बॅटऱ्यांचे संच असतात, डिझेलची जनित्रे असतात. या सगळ्यांना पुन्हा वीज लागते. इमारतीत आलेल्या एकूण विजेला संगणकांना मिळालेल्या विजेने भागले की जो आकडा येतो, त्यावरून त्या वखारीची काटकसर ओळखतात. त्या गुणोत्तराला पी.यू.ई. असे नाव आहे. २००७ सालापासून ते प्रचारात आले. आकडा एक आला तर सगळी वीज कामाला लागली; दोन आला तर एका रुपयाच्या कामामागे एक रुपया हमालीत गेला.

जगाची सरासरी गेली काही वर्षे १.५५ च्या आसपास आहे. काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या वखारींची सरासरी १.१ पर्यंत खाली आणली आहे. या दशांशातील फरकात काय दडले आहे ते पाहा. संगणकांना ५० मेगावॅट वीज पुरवणारी वखार पूर्ण भाराने चालते असे उदाहरणादाखल धरू. गुणोत्तर १.६ असेल तर तिला ८० मेगावॅट लागतील, १.३ असेल तर ६५. पंधरा मेगावॅटची बचत, म्हणजे वर्षाला १३ कोटी १४ लाख युनिट. आपल्या मघाच्या मापाने ही १ लाख ९ हजार ५०० घरांची वीज झाली. एका इमारतीत भिंत कुठे घालायची आणि हवा कुठून सोडायची एवढ्या विचाराने ही बचत होऊ शकते.

आपल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे रात्रीच्या पाळीची वीज घेऊन, बॅटरी हातात धरून, सापाकिरड्याच्या भीतीत गव्हाला पाणी दिलेले आहे. विजेच्या एका युनिटाची किंमत त्याला कोणी समजावून सांगायला नको.

बचतीचे मार्ग

आता उपायांकडे येतो. ते एकेक करून सांगतो, कारण यातले बरेच साधे आहेत.

पहिला उपाय हवेच्या शिस्तीचा. संगणकाचे कपाट पुढून थंड हवा ओढते आणि मागून गरम हवा सोडते. कपाटे वर्गातल्या बाकांसारखी एकामागे एक मांडली, तर पुढच्याने सोडलेली गरम हवा मागचा ओढतो आणि शीतयंत्र उगाच राबते. म्हणून कपाटे तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून मांडतात. त्यामुळे एक गल्ली थंड हवेची आणि एक गरम हवेची अशी रचना होते. दोन्ही गल्ल्या पडद्यांनी किंवा दारांनी बंद केल्या, मोकळी खाचरे झाकली, की हवा एकमेकांत मिसळत नाही. याला फारसा खर्च नाही.

दुसरा उपाय तापमानाचा. संगणकाची खोली बर्फासारखी थंड हवी असा जुना समज होता, म्हणून ती अठरा-वीस अंशांवर ठेवीत. अमेरिकेतील शीतन-अभियंत्यांच्या संघटनेने २००८ पासून संगणकात शिरणारी हवा २७ अंशांपर्यंत असली तरी चालेल अशी शिफारस केलेली आहे. खोलीचे तापमान एकेक अंश वाढवावे तशी शीतयंत्राची वीज काही टक्क्यांनी कमी होते. आपल्या घरातही हाच नियम लागू आहे. म्हणूनच केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून घरगुती वातानुकूल यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावीत असा नियम केला.

तिसरा उपाय द्रवाने थंड करण्याचा. हवा उष्णता वाहून नेण्यात फार दुबळी आहे. तापलेली कढई फुंकून किती वेळात निवते आणि पाण्यात बुडवून किती वेळात निवते, हे आपल्या घरातील माताभगिनींना विचारा. कपाटांची उष्णता वाढली तेव्हा अभियंत्यांनी हाच धडा गिरवला. चिपेवर धातूची पातळ पेटी बसवून तिच्यातून द्रव खेळवतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात अशीच थेट द्रवशीतनाची योजना आहे. या पद्धतीत आत जाणारे पाणी फार थंड असावे लागत नाही, त्यामुळे शीतयंत्र बराच काळ बंद ठेवता येते.

चौथा उपाय रिकाम्या यंत्रांचा. काहीच काम न करता नुसता चालू असलेला संगणक पूर्ण भाराच्या निम्म्यापर्यंत वीज खाऊ शकतो. रिकामी एस.टी. चालवली तरी डिझेल जळतेच. म्हणून दहा अर्धरिकाम्या यंत्रांचे काम तीन-चार भरलेल्या यंत्रांवर आणून बाकीची बंद करावीत. आता पद्धत अशी आहे की एकाच यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवता येतात. इथे एक सावधगिरी सांगतो. मघाचे गुणोत्तर यंत्र कामाचे आहे की रिकामे हे पाहत नाही. रिकामी यंत्रे बंद केल्यावर एकूण वीज कमी होते, पण गुणोत्तर कधीकधी किंचित वाईट दिसते. तेव्हा एका आकड्यावर भाळू नये. एकूण युनिट किती, पाणी किती, आणि वीज कोळशाची की सूर्याची, हे तिन्ही प्रश्न सोबत विचारावेत.

पाचवा उपाय कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हातात आहे. एकच हिशेब एकाने शंभर पायऱ्यांत केला आणि दुसऱ्याने दहा पायऱ्यांत, तर दुसऱ्याची वीज कमी लागते. चांगली आज्ञावली लिहिणे ही सुद्धा ऊर्जेची बचत आहे. गणितात सुटसुटीत रीत शोधणाऱ्या मुलाला आपण शाबासकी देतो, तिचा अर्थ आता असा विस्तारला आहे.

पाण्याचा हिशेब

यानंतर जो भाग सांगणार आहे तो आपल्या मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा आहे.

आपल्या घरातला कूलर कसा चालतो? वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुश्शाच्या ताटीवरून पाणी ओघळते, कोरडी हवा त्यातून जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती हवेतील उष्णता घेऊन जाते. मोठ्या वखारींवरचे शीतन-मनोरे याच तत्त्वावर चालतात. या पद्धतीला वीज कमी लागते, पण पाणी उडून जाते आणि परत मिळत नाही. एक मेगावॅट उष्णता सगळीच्या सगळी पाण्याच्या वाफेने घालवायची झाली तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी उडते. पन्नास मेगावॅटला साडेसतरा लाख लिटर. खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या प्रमाणाने हे बत्तीस हजार माणसांचे पाणी झाले. २०११ च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. म्हणजे शहराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त लोकांचे पाणी एका इमारतीच्या डोक्यावरून वाफ होऊन जाईल.

निसर्गाने इथे एक पेच घालून ठेवला आहे. नवी मुंबईत पाणी आहे, पण हवा दमट आहे. दमट हवेत कूलर चालत नाही हे मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मराठवाड्याची हवा कोरडी आहे, कूलर इथे झकास चालतो, पण पाणी नाही. वीज वाचवायला गेलो तर पाणी जाते, पाणी वाचवायला गेलो तर वीज जाते.

आणि विजेलाही पाणी लागते हे विसरून चालणार नाही. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते. धरणात पाणी नव्हते. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणले गेले. ज्या प्रदेशाने हे पाहिले आहे, त्याला पाण्याचा हिशेब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

यावर मार्ग आहे तो एकाच पाण्याला दोनदा-तीनदा कामाला लावण्याचा. नवी मुंबई महानगरपालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे येथे सांडपाणी अधिक शुद्ध करून ते औद्योगिक वसाहतीला देण्याची योजना हाती घेतली, ती याच विचाराने. शीतन-मनोऱ्याला पिण्याचे पाणी लागतच नाही. दुसरा मार्ग बंद फेऱ्याचा : पाणी नळीतल्या नळीत फिरत राहते, वाफ होऊ दिली जात नाही. त्यात वीज थोडी जास्त लागते, पण ज्या गावाला टँकर येतो तिथे तोच मार्ग शहाणपणाचा.

हे शहाणपण आपल्या भूमीला नवे नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथली पाणचक्की आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिली असेल. मलिक अंबरने सतराव्या शतकात शहराला नहरीने पाणी पुरवण्याची जी परंपरा सुरू केली, तिच्याच वळणावर पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ही चक्की उभी राहिली. उत्तरेकडच्या डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी आणले, उंचावरून सोडले, त्याने चक्की फिरवली आणि फकीर-प्रवाशांसाठी पीठ दळले. तेच पाणी पुढे हौदात साठले. आणि त्या हौदाच्या खाली एक प्रशस्त दालन आहे, त्याचे छत म्हणजे हौदाचा तळ. वर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन गार राहते. एकाच पाण्याने दळण केले, तहान भागवली आणि माणसांना गारवा दिला. विजेची तारही नव्हती. आपल्या गावातील जुन्या माळवदाच्या घरांचेही तेच. जाड मातीचे छत दुपारची आग आत येऊ देत नाही. आजच्या अभियंत्याने हे पाहून मग आराखडा काढावा.

सूर्याची वीज आणि रात्रीचा प्रश्न

आपण म्हणाल, सौरऊर्जा वापरावी म्हणजे झाले. वापरावीच. नवी मुंबईतील एका डेटा सेंटरच्या बाहेरच्या भिंतींनाही सौरपट्ट बसवलेले आहेत. पण एवढ्या मोठ्या भुकेला छत आणि भिंती पुरत नाहीत. दूरच्या माळरानावर मोठे सौरकेंद्र उभारून त्याची वीज तारांनी आणावी लागते. आणि वखार रात्रीही चालते, सूर्य मात्र मावळतो. दिवसा जास्त सौरवीज तारांत सोडायची, रात्री तितकीच कोळशाची वीज घ्यायची आणि वर्षअखेरीस हिशेब जुळला म्हणून आम्ही पूर्ण हरित झालो असे सांगायचे, यात कागद हिरवा होतो; रात्रीचा धूर तसाच राहतो.

खरा उपाय दोन बाजूंनी करावा लागेल. एक, वीज साठवणे. बॅटऱ्यांनी ते होते, आणि डोंगराळ भागात पाणी वर चढवून ठेवण्यानेही होते. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॅटचे असे केंद्र आहे. स्वस्त विजेच्या वेळी खालचे पाणी वर नेतात आणि गरजेच्या वेळी ते सोडून वीज करतात. दुसरी बाजू म्हणजे कामाची वेळ बदलणे. पैसे पाठवण्याचे काम तत्काळ व्हायला हवे. पण जुन्या नोंदींच्या प्रती काढणे, मोठाले हिशेब करणे, कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवणे ही कामे दुपारी ऊन असताना करता येतात. शेतकरी ज्याप्रमाणे पाण्याच्या पाळीप्रमाणे आपले काम लावून घेतो, त्याप्रमाणे संगणकाने सूर्याच्या पाळीप्रमाणे काम लावून घ्यावे.

इतर देशांनी काय केले?

आयर्लंड हा लहान देश. तिथे २०२३ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी २१ टक्के वीज एकट्या डेटा सेंटरांनी घेतली. सिंगापूरने २०१९ साली नव्या वखारींना परवानगी देणे थांबवले आणि २०२२ साली पुन्हा दार उघडले ते गुणोत्तर १.३ किंवा त्याहून चांगले असावे अशा अटीवर. जर्मनीने २०२३ साली कायदाच केला. जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या मोठ्या वखारींचे गुणोत्तर १.२ च्या आत असावे आणि वाया जाणाऱ्या उष्णतेचा काही भाग उपयोगात आणावा, असे त्यात आहे. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात डेटा सेंटरची उष्णता घरे उबदार ठेवण्यासाठी वापरतात.

आपल्याकडे घरे उबदार करण्याची गरज नाही. कोणी विचारील, त्या उष्णतेवर आमची हळद शिजेल का? शिजणार नाही, कारण ही उष्णता सौम्य असते, उकळण्याइतकी नसते. वाळवणासाठी ती उपयोगी पडू शकेल. पण फाल्गुन-चैत्रातले आपले ऊन ते काम फुकट करते. उपाय दुसऱ्या देशाचा असला तरी गरज आपली पाहावी, एवढाच यातून बोध घ्यायचा. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या माहिती-तंत्रज्ञान धोरणात हरित डेटा सेंटर उद्यानांचा उल्लेख केला आहे. धोरणातील ‘हरित’ या शब्दाला आकडे जोडून मागणे हे सुजाण नागरिकाचे काम आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दारात

हा विषय नवी मुंबईचा आहे, हिंगोलीला त्याचे काय, असे कोणाच्या मनात आले असेल. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. विश्वातून आलेल्या अशा लहरीची पहिली नोंद अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी झाली. ती जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा इथे असतील आणि जमिनीची अतिसूक्ष्म थरथरही त्यांना चालणार नाही. आपली शांत जमीन त्यासाठीच पसंत पडली.

ही वेधशाळा सुरू झाली की अहोरात्र माहितीचा ओघ निघेल. तिचे विश्लेषण करण्याची मोठी जबाबदारी डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या पुण्याच्या आयुका संस्थेकडे आहे. तिथे त्यासाठी ‘सारथी’ नावाचा संगणकसमूह आहे. म्हणजे माहितीचे एक मोठे पीक आपल्याच जिल्ह्यात निघणार आहे. वेधशाळेत पंखे आणि शीतयंत्रे यांची थरथर आरशांपासून दूर ठेवावी लागते, म्हणून शीतन कसे करावे हा प्रश्न तिथे दुप्पट महत्त्वाचा. तिथे काम करणारे हात बाहेरून येतील की आपल्या शाळांतून जातील, हे आजच्या आठवीच्या वर्गात ठरत आहे.

उद्या मराठवाड्यात कुठे मोठी माहितीची वखार आली, तर तिचे स्वागत करताना चार प्रश्न नम्रपणे पण ठामपणे विचारावेत. एक, पाणी कोणते व किती : पिण्याचे की शुद्ध केलेले सांडपाणी? दोन, रात्रीची वीज कुठून येणार? तीन, डिझेलची जनित्रे किती आणि वस्तीपासून किती अंतरावर? चार, कायमच्या नोकऱ्या किती? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. इमारत बांधताना शेकडो माणसे लागतात. ती चालवायला फार थोडी लागतात, आणि ती शिकलेली लागतात.

आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, संगणक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पडद्यासमोर बसलेला माणूस येतो. पण माहितीची वखार चालवणाऱ्यांत वीजतंत्री आहे, शीतयंत्राचा कारागीर आहे, पंप आणि नळांचे काम जाणणारा आहे, मीटरचे आकडे वाचून अर्थ लावणारा आहे. आयटीआयमधील वीजतंत्री आणि प्रशीतन-वातानुकूलन हे अभ्यासक्रम, तंत्रनिकेतनातील विद्युत व यंत्र शाखांच्या पदविका यांना यापुढे फार मागणी राहील. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला; त्याखाली ऊर्जा-व्यवस्थापक आणि ऊर्जा-लेखापरीक्षक यांच्या राष्ट्रीय परीक्षा होतात. वकील आणि डॉक्टर यांच्या पंक्तीत आपल्या समाजाच्या मुलामुलींनी ऊर्जा-लेखापरीक्षक ही पाटी लावावी. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम करतो. या कामात अंगबळापेक्षा बारकाईने पाहणे लागते, आणि घरातले तेल-मीठ पुरवून वापरणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला ते उपजत असते.

पदाधिकाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्या संस्थेची संगणकशाळा ही एक लहानशी माहितीची वखारच आहे. तिच्यावर स्वतंत्र मीटर बसवावे. नववीच्या मुलांनी दर आठवड्याला त्याची नोंद फळ्यावर लिहावी : एकूण वीज किती, त्यातली संगणकांना किती, पंखे, वातानुकूल यंत्र आणि यूपीएसला किती. एकूण विजेला संगणकांच्या विजेने भागावे, म्हणजे आपल्या शाळेचे गुणोत्तर निघेल. मग यंत्र २६ अंशांवर ठेवून पाहावे, खिडकीला सावली करून पाहावे, रात्री मुख्य बटण बंद करून पाहावे आणि गुणोत्तर कसे बदलते ते मांडावे. शाळेच्या छतावर सौरपट्ट बसवता आले तर दुधात साखर. निकामी संगणक भंगारवाल्याला तोलून न देता मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडे द्यावेत. त्यांतील शिसे जमिनीत गेले तर विहिरीत उतरते. यासाठी मोठी देणगी लागत नाही, एक वही आणि एक चिकाटीचा शिक्षक लागतो.

पालकांना एवढेच सांगतो. एकच चित्र दहा गटांत पाठवले तर त्याच्या प्रती अनेक फोनांत आणि बऱ्याचदा दूरच्या वखारीतही पडून राहतात. एका चित्राची वीज नगण्य आहे हे खरे. पण विहिरीतला एक तांब्याही नगण्यच असतो. गावाने मिळून सांडला की उन्हाळ्यात तळ दिसतो. वाहते पाणी समोर असले तरी वजूला गरजेपुरतेच घ्यावे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. तीच शिकवण विजेला आणि माहितीला लावायची आहे.

इल्म मिळवणे म्हणजे नवी वस्तू वापरता येणे एवढेच नाही. त्या वस्तूमागे कोणाचे पाणी आणि कोणाची वीज खर्ची पडते, हे समजणेही इल्मच आहे. हे समजून घेऊन हिशेब मांडणारी, प्रश्न विचारणारी आणि उत्तर स्वतः शोधून काढणारी पिढी या संस्थेतून बाहेर पडो, अशी दुआ करतो.